धनुष्कोडी: वाळूचा दांडा, वाहून गेलेलं गाव आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात रामेश्वर यात्रेवर लेख आला होता, त्यात देवळाला चार पानं आणि धनुष्कोडीला जेमतेम दोन परिच्छेद, आणि याचाच तुम्हाला राग आलेला दिसतोय, कारण या महिन्यात जे प्रश्न आले ते जवळपास सगळे धनुष्कोडीवरचे आहेत. मग म्हटलं हा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकू. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात पांबन नावाचं बेट आहे, रामेश्वर त्याच बेटावर, आणि बेटाच्या आग्नेयेला वाळूची एक लांब निमुळती पट्टी शेपटासारखी श्रीलंकेच्या दिशेने समुद्रात गेलीय, त्या शेपटावर धनुष्कोडी. पट्टीच्या अगदी टोकाला अरिचलमुनै म्हणतात. नावं छापत नाही, फक्त गावं देतोय.

प्रश्न (कराड, नववीतली विद्यार्थिनी): सर, आम्हाला भूगोलात पुळण, वाळूचा दांडा आणि खाजण आहे. धनुष्कोडी हा वाळूचा दांडा आहे का बेट आहे? आणि तो तिथेच का तयार झाला?

उत्तर: दांडाच आहे, आणि पुस्तकातल्या आकृतीपेक्षा भारी उदाहरण आहे. बेट म्हणजे पांबन, धनुष्कोडी त्या बेटाला चिकटलेला दांडा, त्यामुळे परीक्षेत 'बेटाला जोडलेला वाळूचा दांडा' असं लिहिलंस तर कोणी मार्क कापू नयेत.

आता तयार कसा होतो ते बघ. लाट किनाऱ्यावर सरळ येत नाही, वारा ज्या बाजूने असेल त्या बाजूने तिरकी येते, वाळूचे कण तिरके वर ढकलते, पण पाणी परत जाताना मात्र उताराने सरळ खाली जातं. म्हणजे प्रत्येक लाटेला कण थोडासा पुढे सरकतो, वर तिरका, खाली सरळ, परत वर तिरका, असं दिवसरात्र चालू असतं आणि किनाऱ्याच्या कडेकडेने वाळूची जणू मिरवणूक निघते. जिथे किनारा अचानक वळतो किंवा जमीन संपते तिथे पाण्याचा जोर कमी होतो, हातातलं ओझं पेलवत नाही, वाळू खाली बसते. बसता बसता ती पाण्याच्या वर येते, वारा तिच्यावर टेकड्या करतो, गवत धरतं, आणि दांडा पुढे पुढे वाढत जातो.

धनुष्कोडीची गंमत अशी की तिथे हे काम दोन पाळ्यांमध्ये चालतं. दांड्याच्या दक्षिणेला मन्नारचं आखात, उत्तरेला पाल्कचा उपसागर. नैऋत्य मोसमी वारे असतात तेव्हा मन्नारच्या आखाताकडून लाटा आणि प्रवाह जोर करतात, आणि ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की उलटं, पाल्कच्या बाजूने. वर्षभरात एकदा इकडून आणि एकदा तिकडून वाळू येते, आणि ज्या बाजूने लाटा खातात त्या बाजूने जातेही. म्हणून टोकाचा आकार महिन्यागणिक बदलतो, कधी डावीकडे वाकलेलं, कधी उजवीकडे, कधी पुढे एक छोटा तुकडा सुटा पडलेला. तू उन्हाळ्यात काढलेला फोटो आणि मैत्रिणीने डिसेंबरात काढलेला फोटो शेजारी ठेवलास तर एकाच जागेचे वाटणार नाहीत.

प्रश्न (पुणे): तिथल्या गाईडने आम्हाला सांगितलं की इथे बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागर मिळतात आणि दोघांचं पाणी एकमेकांत मिसळत नाही, म्हणून रंग वेगळे दिसतात. खरं आहे का?

उत्तर: रंग वेगळे दिसतात हे खरं, बाकीचं थोडं मीठमसाला लावलेलं आहे. तिथे मिळतात ते वर सांगितलेले दोघे, पाल्कचा उपसागर आणि मन्नारचं आखात. पाल्कची बाजू उथळ, तळाला गाळ, त्यामुळे पाणी हिरवट गढूळ आणि बहुतेक वेळा तळ्यासारखं संथ. मन्नारची बाजू खोल, पाणी निळं आणि लाटा उंच. तिथले कोळी एकाला बायकी समुद्र म्हणतात आणि दुसऱ्याला पुरुषी समुद्र, कोणता कोणता हे सांगायला नको. पण ही वाटणी कायमची नाही बरं का, ईशान्य मोसमीत पाल्कचा समुद्रसुद्धा असा खवळतो की होड्या आठवडा-आठवडा किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागतात.

आणि पाणी मिसळत नाही वगैरे काही नाही. मिसळतं. मिसळायला वेळ लागतो एवढंच, तेवढ्या वेळात तुम्ही फोटो काढता.

प्रश्न (नाशिक, निवृत्त रेल्वे कर्मचारी): आमच्या नोकरीच्या काळात जुने लोक 'बोट मेल'बद्दल बोलायचे. ती धनुष्कोडीपर्यंत जायची म्हणे. आणि 64 सालच्या वादळात जी गाडी गेली ती तीच का? कृपया सविस्तर लिहा.

उत्तर: काका, तुमच्यासाठी सविस्तरच लिहितो, पण आधी एक गोष्ट मोकळी करतो: वादळात गेली ती बोट मेल नव्हती, ती पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर होती, नंबर 653.

बोट मेलची गोष्ट अशी. 1914 च्या फेब्रुवारीत पांबनचा पूल सुरू झाला, मुख्य जमीन आणि बेट यांच्यामधला, दोन किमीहून थोडा जास्त लांब, मधोमध जहाजं जाण्यासाठी दोन्ही पाती वर उचलली जायची तो शेर्झर पद्धतीचा भाग. त्याआधी मद्रासहून सिलोनला जायचं तर तुतिकोरिनला जाऊन तिथून बोट पकडायची आणि रात्रभर समुद्र खायचा. पूल झाल्यावर गाडी थेट धनुष्कोडीला येऊ लागली, गाडीतून उतरायचं, कस्टम्स करायचे, धक्क्यावर स्टीमर उभीच, पलीकडे सिलोनच्या तलैमन्नारला उतरलं की तिथे कोलंबोची गाडी तयार. मद्रास ते कोलंबो एकच तिकीट. आयर्विन आणि गोशेन नावाच्या स्टीमर या फेऱ्या मारायच्या. म्हणजे आज जिथे आपण वाळूत चपला हातात घेऊन फिरतो तिथे रेल्वे स्टेशन, कस्टम्स ऑफिस, पोस्ट आणि तार ऑफिस, दवाखाना, शाळा, चर्च, धर्मशाळा असं सगळं होतं, आणि गाव चाललं होतं ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांवर. पांबनला दोन फाटे फुटायचे, एक रामेश्वरला आणि एक धनुष्कोडीला.

आता वादळ. 17 डिसेंबर 1964 ला अंदमानच्या दक्षिणेला कमी दाबाचा पट्टा तयार झाला, तोही विषुववृत्ताच्या इतका जवळ, 5 अंश उत्तरेच्या आसपास, की तिथे चक्रीवादळ होणं हीच मुळात दुर्मीळ गोष्ट, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जी गिरकी मिळते ती विषुववृत्ताजवळ फारच कमी असते. ते जोर धरत पश्चिमेकडे सरकलं, 22 तारखेला श्रीलंकेत वावुनियावरून गेलं आणि 22-23 च्या रात्री धनुष्कोडीवर येऊन आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी 280 किमीपर्यंत गेला असावा असा अंदाज आहे. पण लोकांना मारलं ते वाऱ्याने कमी आणि पाण्याने जास्त. वादळ समुद्राचं पाणी पुढे ढकलत आणतं, आणि पाल्कचा तळ इतका उथळ की त्या पाण्याला खाली जायला जागाच नाही, मग ते वर चढतं. लाटा 7 मीटरच्या आसपास उंच होत्या असं सांगतात, आणि इथे गाव वसलेलं कुठे, तर समुद्रापासून हातभर उंच वाळूवर, पळून जायला मागे डोंगर नाही, दोन्हीकडे समुद्रच.

त्या रात्री 11 वाजून 55 मिनिटांनी 653 पॅसेंजर पांबनहून निघाली, सहा डबे, 110 प्रवासी आणि रेल्वेची 5 माणसं. धनुष्कोडी अगदी जवळ आलं तेव्हा सिग्नल बंद. ड्रायव्हर थांबला, बाहेर काळोख, पाऊस, वारा, सिग्नल काही पडेना, शेवटी शिटी देऊन त्याने गाडी पुढे घेतली. तुम्ही रेल्वेत होता म्हणून तुम्हाला विचारतो, त्याने दुसरं काय करायला हवं होतं? थांबला असता तरी वाळूवरच थांबला असता. लाटेने अख्खी गाडी घेतली. 115 ही नोंदलेली माणसं, विनातिकीट किती होती कोण सांगणार. त्या वादळात एकूण साधारण 1800 माणसं गेली असं मानतात.

पांबनच्या पुलाच्या 145 गर्डरपैकी 126 वाहून गेले, मधला उचलायचा भाग तेवढा उभा राहिला. दुरुस्तीचं काम आलं ई. श्रीधरन नावाच्या तरुण इंजिनिअरकडे, हो, नंतर कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रो करणारे तेच. समुद्रात पडलेले गर्डर शोधून, वर काढून परत बसवले आणि 46 दिवसांत पूल चालू करून दिला. धनुष्कोडीचा फाटा मात्र परत घातला नाही. स्टीमर पुढे रामेश्वरहून तलैमन्नारला जायची, श्रीलंकेत यादवी पेटल्यावर तीही बंद झाली. चेन्नई एग्मोर-रामेश्वर एक्सप्रेसला लोक अजून बोट मेलच म्हणतात, बोट जाऊन इतकी वर्षं झाली तरी. जुन्या पुलावरची गाडी 2022 च्या डिसेंबरात थांबवली, शेजारी नवा पूल झाला, 6 एप्रिल 2025 ला सुरू झाला, त्यात 72.5 मीटरचा भाग लिफ्टसारखा सरळ वर जातो. एकदा बघून या काका.

प्रश्न (मुंबई): मी यूट्यूबवर बघितलं की धनुष्कोडी हे भुताचं गाव आहे, रात्री आवाज येतात म्हणून पोलीस संध्याकाळी बाहेर काढतात. तुमचं मत काय?

उत्तर: माझं मत असं की त्या व्हिडिओवाल्यांना व्ह्यूज पाहिजे होते. पोलीस संध्याकाळी गाड्या आत सोडत नाहीत कारण पुढे दिवे नाहीत, समुद्र दोन्ही बाजूंना, मोबाईलची रेंज बेभरवशाची आणि समोर आंतरराष्ट्रीय सीमा, एवढी कारणं पुरेत, भुतं कशाला पाहिजेत.

वादळानंतर मद्रास सरकारने गाव राहायला अयोग्य जाहीर केलं हे खरं, इंग्रजीत ओसाड गावाला 'घोस्ट टाऊन' म्हणतात त्याचं भाषांतर करून आपल्याकडे 'भुताचं गाव' झालं. पण कोळी परत आले. कुडाच्या, माडाच्या नाहीतर ताडाच्या झावळ्यांच्या झोपड्या बांधून ते तिथे राहतात, मासे मारतात, पर्यटकांना मासे तळून आणि शंखशिंपले विकून पोट भरतात, मुलांना सरकारी शाळा आहे. आपल्या कोकणात रापण घालतात ना तशीच किनाऱ्यावरून ओढायची जाळी तिथे आहे, एक टोक किनाऱ्यावर, होडी अर्धगोल फिरून दुसरं टोक घेऊन येते आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं लागून ओढतात. मी बघत उभा होतो तेव्हा तासभर ओढून जे आलं त्यात निम्मी जेलीफिश होती, ती हातानेच बाजूला फेकत होते आणि कोणी चकार शब्द काढला नाही, रोजचंच असणार. अशा जागेला भुताचं गाव म्हटलं की तिथे जी जिवंत माणसं आहेत ती फोटोच्या कडेला ढकलली जातात, मला ते आवडत नाही.

चर्चची पडकी भिंत मात्र जवळ जाऊन बघा. लांबून ती साध्या दगडाची वाटते. हात लावला की कळतं की प्रवाळाचे दगड आहेत, त्यावर जाळीदार नक्षी आहे, खळगे आहेत, काही ठिकाणी बारीक चांदण्यांसारखे ठसे अगदी स्पष्ट. समुद्रातूनच काढलेल्या दगडांनी बांधलेलं चर्च. आणि कृपा करून त्यावर बदाम काढून नावं कोरू नका, आधीच खूप कोरलेली आहेत.

प्रश्न (सोलापूर): समुद्राच्या मधोमध राहणारी ही माणसं गोडं पाणी कुठून आणतात? टँकर जातो का?

उत्तर: फार चांगला प्रश्न, आणि सोलापूरहून यावा यात नवल नाही. रस्ता झाल्यापासून गाडीने पाणी नेणं सोपं झालंय, पण तिथली खरी पद्धत वेगळी: वाळूत खड्डा करायचा. खोल नाही, काही फुटांचा. बाजूची वाळू ढासळू नये म्हणून पिंप नाहीतर लाकडं लावायची, तळाशी पाणी झिरपून येतं, वाडग्याने हळूहळू भरायचं. आणि हे पाणी गोड असतं, समुद्र शंभर पावलांवर असताना!

याचं कारण साधं आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, खाली खारं पाणी असतंच, पण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते खाऱ्याच्या वर तरंगत राहतं, वाळूच्या कणांमुळे दोन्ही पटकन मिसळत नाहीत. भिंगाच्या आकाराचा गोड्या पाण्याचा साठा तयार होतो. गणित असं आहे की समुद्रसपाटीच्या वर जर 1 फूट गोडं पाणी उभं असेल तर खाली साधारण 40 फूट गोडं पाणी असतं. आता उलटं वाचा: वरचं पाणी 1 फुटाने उतरलं तर खालून खारं पाणी 40 फूट वर येतं. म्हणून वाडगा चालतो, मोटर चालत नाही. मोठा पंप लावला, हॉटेलं झाली, की खड्डे खारे व्हायला वेळ लागणार नाही, आणि एकदा खारट झालेलं भिंग परत गोड व्हायला कित्येक पावसाळे लागतात.

प्रश्न (सांगली, गृहिणी): आम्ही काशी-रामेश्वर यात्रा करणार आहोत. सासूबाई म्हणतात सेतूची वाळू आणल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. ही वाळू कुठून घ्यायची, कशी न्यायची? आणि समुद्रात स्नान करता येतं का?

उत्तर: सासूबाई बरोबर म्हणतात, जुनी रीत तशीच आहे. धनुष्कोडीला सेतूवर स्नान करायचं, वाळूची तीन लिंगं करायची, सेतुमाधव, वेणीमाधव आणि बिंदुमाधव, पूजा करून वाळू बरोबर घ्यायची, ती प्रयागला त्रिवेणीत सोडायची आणि तिथून गंगा आणून रामेश्वराला घालायची. पूर्वी हे पायी व्हायचं आणि त्यात वर्ष जायचं. अब्दुल कलामांचे वडील रामेश्वरहून धनुष्कोडीला यात्रेकरू नेणारी होडी चालवायचे, म्हणजे आपल्यासारख्यांच्या आज्या-पणज्या त्या होडीत बसल्या असतील.

वाळू मूठभर घ्या, डबीत पुरते तेवढी, पोतं नको. पण शंख, प्रवाळाचे तुकडे, समुद्रपंखे उचलू नका आणि विकतही घेऊ नका, मन्नारच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, वाघाला जे संरक्षण तेच प्रवाळाला. टपरीवाला म्हणेल काही होत नाही, तिकडे लक्ष देऊ नका.

स्नानाचं म्हणाल तर अरिचलमुनैच्या टोकाला अजिबात उतरू नका. दोन्ही बाजूंचे प्रवाह तिथे एकमेकांना भिडतात, गुडघाभर पाण्यात पायाखालची वाळू निघून जाते, आणि पोहता येणाराही तिथून परत येईल असं नाही. पाय ओले करा, डोक्यावर पाणी शिंपडा, सासूबाईंना सांगा चालतं. बुडी मारायची तर रामेश्वरला अग्नितीर्थावर मारा, तिथलं पाणी शांत असतं. जाता-येता कोदंडरामाचं देऊळ लागतं, बिभीषण रामाला शरण आला ती जागा, 64 च्या वादळात गाव गेलं पण हे देऊळ उभं राहिलं. तिथेही थांबा.

प्रश्न (ठाणे): टोकावरून श्रीलंका दिसते का? आम्हाला तरी काहीतरी दिसलं.

उत्तर: श्रीलंका नाही दिसली. तलैमन्नार तिथून 25-30 किमीवर आहे, आणि वाळूवर उभ्या माणसाचं क्षितिज असतं साधारण साडेचार किमीवर. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे पलीकडची वस्तू तीस-चाळीस मीटर तरी उंच हवी, आणि मन्नार बेट आपल्या दांड्यासारखंच बुटकं. तुम्हाला दिसले ते मधले वाळूचे टापू असणार. फोनवर 'श्रीलंकेत स्वागत आहे' असा मेसेज आला असेल तर मात्र रोमिंग बंद आहे का ते आधी तपासा.

प्रश्न (नागपूर): रामसेतू आणि धनुष्कोडीचा दांडा हे एकच आहे का? सेतू माणसाने बांधला का निसर्गाने, स्पष्ट लिहा, गोल गोल उत्तर नको.

उत्तर: स्पष्ट लिहितो. धनुष्कोडीचा दांडा जिथे पाण्याखाली जातो तिथून रामसेतू सुरू होतो, उथळ वाळूचे आणि खडकाचे टापू रांगेने मन्नार बेटापर्यंत गेलेत. भूशास्त्राच्या दृष्टीने ही एकच साखळी आहे, काही भाग पाण्याच्या वर, काही खाली. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती, तेव्हा भारत आणि श्रीलंका ही एकच जमीन होती, पाणी चढत गेलं आणि साधारण 7000 वर्षांपूर्वी जोड तुटला. रामेश्वरच्या देवळातल्या नोंदींप्रमाणे 1480 पर्यंत सेतूवरून चालत जाता यायचं आणि मग एका वादळाने तो फोडला, असं सांगतात. रामेश्वरच्या भागावर राज्य करणारे राजे स्वतःला सेतुपती म्हणवायचे आणि जाफनाच्या राजांच्या नाण्यांवर 'सेतु' हा शब्द आहे, म्हणजे ही श्रद्धा काही कालपरवाची नाही. माझ्या वाचनात जे आहे त्यावरून टापू नैसर्गिक आहेत, आणि तुमची श्रद्धा त्याने कमी व्हावी असं मला वाटत नाही, नर्मदाही नैसर्गिकच आहे.

जहाजांसाठी हे टापू खोदून कालवा काढायची कल्पना 1860 मध्ये ए. डी. टेलर या नाविक अधिकाऱ्याने मांडली. सेतुसमुद्रम प्रकल्पाचं काम प्रत्यक्ष सुरू झालं 2005 मध्ये, मग वाद, मग सुप्रीम कोर्ट, मग काम थांबलं. धर्माचा मुद्दा सगळ्यांनी ऐकला, वाळूचा कमी जणांनी ऐकला: जिथे वाळू वर्षातून दोनदा दिशा बदलते तिथे खोदलेला खड्डा भरतच राहणार, आणि तो कायम उपसत बसायचा.

प्रश्न (रत्नागिरी): स्वामी विवेकानंद धनुष्कोडीला उतरले होते ना?

उत्तर: नाही. 26 जानेवारी 1897 ला पांबन बेटावरच, पण कुंदुकालला. रामनाडचे राजे भास्कर सेतुपती स्वागताला हजर होते. धनुष्कोडीला तेव्हा रेल्वेही नव्हती.

प्रश्न (कोल्हापूर): एका लेखात वाचलं की धनुष्कोडी 64 च्या आधीच बुडायला लागलं होतं. मग सरकारला माहीत नव्हतं का? आणि आता तर तिथे पक्का रस्ता झालाय, हे बरोबर आहे का?

उत्तर: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास आहे, त्यानुसार 1948-49 मध्ये गावाचा मन्नारच्या आखाताकडचा दक्षिण भाग जवळजवळ 5 मीटरने खचला, आणि साधारण 7 किमी लांब, अर्धा किमी रुंद असा पट्टा पाण्याखाली गेला. म्हणजे वादळाच्या पंधरा वर्षं आधी. पण गाव हललं नाही, कारण बंदर होतं, रेल्वे होती, पोट होतं. मला त्यात सरकारपेक्षा आपल्या सगळ्यांची सवय दिसते, नकाशावर रेघ काढली की ती जमीन आहे असं आपण धरून चालतो आणि वाळू मात्र कोणाच्या नकाशाला बांधलेली नसते. दांडा पुढे सरकणार, मागे येणार, एका बाजूने खचणार, हे त्याचं नेहमीचं वागणं आहे, 64 च्या वादळाने ते एका रात्रीत करून दाखवलं.

याच दांड्याने माणसांना आसराही दिलाय हे विसरू नका. 1983 नंतर श्रीलंकेतून जीव घेऊन निघालेले तमिळ याच वाळूवर उतरले, काहींना होडीवाल्यांनी मधल्या टापूंवरच सोडलं आणि तिथून त्यांना आणावं लागलं. 2022 मध्ये श्रीलंकेत महागाईने कहर केला तेव्हाही होड्या आल्या. त्यांची व्यवस्था मंडपमच्या छावणीत.

रस्त्याबद्दल: मुकुंदरायर चत्रमपासून अरिचलमुनैपर्यंत साडेनऊ किमी, जुलै 2017 मध्ये सुरू झाला, त्याआधी जीपने चिखलातून हाडं खिळखिळी करत जावं लागायचं. कोळ्यांना त्याचा फायदा झाला, आजारी माणूस दवाखान्यात लवकर पोचतो, याला मी चूक कसं म्हणू. पण रस्ता सांभाळायला कडेने दगड टाकावे लागतात, आणि दगड टाकला की लाट तिथली वाळू सोडून शेजारची खाते, हा जगभरच्या किनाऱ्यांचा अनुभव आहे. दांड्याला जागेवर धरून ठेवणारं खरं काम करतात ते मर्यादवेल, सुरूची झाडं आणि ते काटेरी गोल गवत, ज्याला तमिळमध्ये रावणाची मिशी म्हणतात. गाडी रस्त्याच्या खाली उतरवून वाळूत रील काढणाऱ्यांच्या चाकाखाली नेमकं तेच येतं. शिवाय चाक रुततं, आणि मग बाहेर काढायला त्याच कोळ्यांना हाका मारायच्या.

प्रश्न (औरंगाबाद, पक्षीनिरीक्षक): फ्लेमिंगो बघायला कधी जावं?

उत्तर: जानेवारी ते मार्च, सकाळी लवकर, रस्त्याच्या उत्तरेकडच्या उथळ पाण्यात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच, थव्याने असतात, पण गाडीचं दार आपटलं की उडतात, त्यामुळे लांब थांबून दुर्बीण वापरा. तमिळनाडू सरकारने 2025 मध्ये पर्यावरण दिनाला तिथे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर केलंय, तेव्हा आत कुठे जाता येतं आणि कुठे नाही हे रामेश्वरच्या वनखात्याच्या ऑफिसात विचारून मगच निघा. ड्रोन घरी ठेवा.